गाडी लाखोंची, वायर पाऊणची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत कॅराव्हॅनवरचा लेख वाचला. वेरूळचा घृष्णेश्वर, औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैजनाथ, आपल्या मराठवाड्यातली ही तिन्ही ज्योतिर्लिंगं एकाच गाडीत राहून, तिथंच रांधून-जेवून करता येतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना लॉजचे जिने चढावे लागत नाहीत. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या आमच्या भागातही दिसतात. कुणी टेम्पो ट्रॅव्हलर आतून बदलून घेतलेली असते, कुणी जुनी मिनी बस घेऊन तिचं घर केलेलं असतं. लेखात गाडीतला पलंग, ओटा, फ्रीज, बाथरूम सगळ्याचं वर्णन होतं. गाडी मुक्कामाला थांबली की तिला लाईट कुठून आणि कशी घ्यायची, यावर एक ओळही नव्हती. छापलेल्या फोटोत मात्र उत्तर दिसत होतं: मागच्या खिडकीच्या फटीतून निघालेली पांढरी, बारीक वायर ओल्या फरशीवरून हॉटेलच्या भिंतीपर्यंत गेलेली. हे पत्र त्या वायरीबद्दल आहे.

मी वेरूळ-खुलताबाद भागात वायरिंगची कामं करतो. आयटीआय केलेलं आहे, परवाना आहे, रस्त्यालगतच्या लॉज-ढाब्यांची बरीच कामं माझ्या हातची आहेत. त्यामुळे गाडीवाला आणि ढाबेवाला या दोघांचंही माझ्या कानावर येतं.

गाडीवाले दुकानात येतात आणि विचारतात, "एक्स्टेन्शन किती मीटरचं घेऊ?" वायर किती जाडीची घेऊ, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि त्याच्याही आधी पाहायचं ते हे की आत काय काय चालणार आहे. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण सात-आठ अँपिअर ओढतो. २००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ नऊ. तेवढ्याच वॉटचा गीझर असेल तर आणखी नऊ. झाले पंचवीस. आपल्याकडचं मोठं थ्री पिन सॉकेट आहे १६ अँपिअरचं. म्हणजे वायर कितीही जाड आणली तरी ही तिन्ही एका वेळी चालवायची नाहीत. आंघोळी उरकून गीझर बंद करा, मग शेगडी लावा. गाडीतल्या प्रत्येकाला हे माहीत हवं, पाहुण्यांनासुद्धा.

आता जाडी. धंद्यात आम्ही पाऊणची, एकची, दीडची, अडीचची, चारची वायर म्हणतो. हे आकडे आतल्या तांब्याच्या छेदाचे, चौरस मिलिमीटरमधले. बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच एक्स्टेन्शन बोर्डांना पाऊणचीच वायर असते. टीव्ही, टेबल फॅन, मोबाईलचा चार्जर यांना ती पुरते. सात अँपिअरच्या आसपास तिची मजल संपते. भिंतीतला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, मात्र १६ चा असतो. म्हणजे वायर सातलाच दमते आणि एमसीबी सोळापर्यंत गप्प राहतो. लोक समजतात, जास्त लोड झाला तर एमसीबी पडेलच. तो भिंतीतल्या वायरिंगची राखण करायला बसवलेला आहे. तुम्ही बाहेरून कोणती वायर जोडली, हे त्याला कळायला मार्ग नाही.

लांबीचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे, कारण आमच्याकडे गाडी उभी राहते ती झाडाखाली, आणि झाड असतं आवाराच्या पार टोकाला. समजा भिंतीपासून गाडी ४० मीटरवर आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तांबं मोजायचं ८० मीटर. पाऊणच्या वायरीतून दहा अँपिअर घेतले तर वाटेतच २० व्होल्ट गळतात आणि दोनशे वॉटच्या वर उष्णता त्या वायरीत तयार होते. दीडच्या वायरीत हीच गळती साडेदहा व्होल्टची, अडीचच्या वायरीत साडेसहाच्या आत, चारच्या वायरीत चार व्होल्ट. हे आकडे गार तांब्याचे आहेत. तांबं तापलं की विरोध वाढतो, आणि गळतीही वाढते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं असतो, उन्हातली फरशी तर त्याहून किती तरी जास्त तापते. वायरीच्या साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंशांची. मोकळ्या हवेत तीस अंशांना जी वायर तग धरते, ती आपल्या उन्हात त्याच लोडला टिकेल असं धरून चालू नका.

शिवाय संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंखे-कूलर-मोटारी सुरू झाल्या की दाब उतरतो. भिंतीतच १९५ व्होल्ट असतील आणि त्यातले वीस वायर खात असेल, तर एसीला १७५ मिळणार. कॉम्प्रेसर घुमतो, उठत नाही, पुन्हा घुमतो. गाडीवाला म्हणतो, एसी खराब झाला. मेकॅनिक गॅस भरून देतो. दोष असतो अंगणात पडलेल्या वायरीत.

माझं सांगणं सरळ आहे. १६ अँपिअरच्या सॉकेटवरून गाडीला लाईट घ्यायची असेल तर अडीचची, तीन कोअरची (आत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग असे तीन पदर), तांब्याची लवचिक केबल घ्या, २५ मीटरपर्यंत. त्याहून लांब जायची वेळ येत असेल तर चारची घ्या, नाहीतर गाडी जवळ आणून लावा. झाडाची सावली सोडावी लागेल, पण गाडी जवळ आणणं हाच सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. दोन एक्स्टेन्शन एकाला एक जोडून लांबी वाढवू नका. मधला जोड ही सगळ्यांत कच्ची जागा. त्या जोडावर कॅरीबॅग गुंडाळून वर दगड ठेवलेला मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कुठल्याही पार्किंगमध्ये कॅरीबॅग दिसली की आधी तिकडंच बघतो.

गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगतो. एका ढाब्याच्या मालकानं रात्री बोलावलं: गाडीतला एसी चालत नाही, पाहुणे नाराज आहेत. गेलो. गाडी भिंतीपासून दहा-बारा पावलांवर, पण वायर होती रिळावर गुंडाळलेली, लांबलचक. गरज होती तेवढीच सोडलेली, उरलेली रिळावर तशीच. रिळाला हात लावला तर हात ठेववेना. मेन बंद केला, रीळ उलगडायला घेतलं. वरचे वेढे सुटले, आतले सुटेनात. आवरण मऊ होऊन एकमेकांना चिकटलं होतं. ओढलं तर एका ठिकाणी पांढरं प्लास्टिक सोलून निघालं आणि आतला लाल पदर दिसला. बोर्डवरच्या तीन भोकांपैकी एकाच्या कडेला तपकिरी डाग होता आणि जळक्या प्लास्टिकचा तो वास, जो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

अशा रिळाचं असं असतं की उलगडलेल्या वायरीची उष्णता हवेत निघून जाते, गुंडाळलेलीची आतच कोंडते. वैशाखात गोधडी पांघरून झोपल्यासारखं ते आहे. चांगल्या रिळांवर दोन आकडे छापलेले असतात, पूर्ण उलगडल्यावर इतके वॉट आणि गुंडाळलेलं असताना इतके, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून लोड मोठा असेल तर रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत मोकळं करायचं. जास्तीची वायर ऐसपैस नागमोडी पसरून ठेवायची, गोल बंडल करून नाही.

त्याच रात्री मी परत निघालो तेव्हा गाडीतला सात-आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "काका, दाराला हात लावला की मुंग्या यायल्यात." आई म्हणाली, "काही नाही हो, दुपारपासून तेच म्हणतोय." मी थांबलो. रीळ काढून तात्पुरती दुसरी वायर लावून लाईट दिली होती, तीही त्यांच्याच गाडीतली, त्यांच्याच टॉपची, म्हणजे प्लगची. दाराच्या कडीला टेस्टर लावला, दिवा लागला. पुन्हा सगळं बंद केलं आणि टॉप उघडला. तिसरी मोठी पिन जागेवर होती. तिला वायरच नव्हती. टॉप तीन पिनांचा, वायर दोन पदरांची.

संपादक महोदय, या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो. गाडी रबरी टायरवर उभी असते. आतल्या कुठल्याही उपकरणाचा फेज पत्र्याला लागला, तर अर्थिंग नसताना तो करंट जमिनीत उतरायला वाटच नसते. अख्खी गाडी २३० व्होल्टवर उभी राहते आणि वाट बघते, की ओल्या जमिनीवर उभं राहून कुणी दाराला हात लावतंय का. आत बसलेल्याला काही कळत नाही. पाय जमिनीवर आणि हात दारावर अशा माणसाला ते कळतं. मुलं अनवाणीच उतरतात. मुंग्या येतायत असं मूल म्हणालं तर त्याला गप्प करू नका. भिंतीतून टॉप काढा, आणि मग वायरमनला बोलवा.

अर्थिंगची तिसरी वायर जोडली म्हणजेही काम संपत नाही. ती जिथं जाते तो खड्डा कसा आहे? आपली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हातभर भेगा. ओलावा गेला की अर्थिंगचा विरोध वाढतो. समजा तो ५० ओहम झाला. पत्र्याला फेज लागला तरी २३० व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातील. १६ चा एमसीबी एवढ्याने हलतसुद्धा नाही. गाडी तशीच जिवंत राहते. म्हणून आपल्या मराठवाड्यात तरी आरसीसीबी लागतोच, ३० मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात लाईट पाडतो. अर्थिंग नीट असेल तर बिघाड झाल्या-झाल्या पाडतो. अर्थिंग नसेल तर कुणाचा तरी हात लागल्यावर. या दोन्हींतला फरक लक्षात घ्या, आणि आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडं दुर्लक्ष करू नका. त्याच्यावर टेस्टचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. ढाब्यावर जाऊन मी विचारतो, हे बटन शेवटचं कधी दाबलं? बहुतेक मालकांना ते बटन कशाचं आहे हेच माहीत नसतं. आणि उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार दिवसांआड बादलीभर पाणी ओतायला काहीच खर्च नाही.

तरुण मुलं हल्ली यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून गाड्या करून घेतात. शिकण्याची हौस चांगली आहे, पण तिथले आकडे इथं जसेच्या तसे चालत नाहीत. त्यांच्याकडं साधी लाईन १२० व्होल्टची. त्यांच्या गाड्यांना ३० अँपिअरचं किंवा ५० अँपिअरचं कनेक्शन असतं. एक मुलगा मला म्हणाला, मलाही तीसचं पाहिजे. त्याला गणित करून दाखवलं: १२० गुणिले ३० म्हणजे ३६०० वॉट. आपल्याकडं २३० गुणिले १६ म्हणजे ३६८० वॉट. त्यांचं तीस म्हणजे आपलं सोळाच की! वायरीची जाडी ते गेजमध्ये सांगतात आणि तिथं आकडा जितका लहान तितकी वायर जाड. तीस अँपिअरला ते दहा गेजची वापरतात, ती आपल्या सव्वापाच चौरस मिलिमीटरच्या बरोबरीची. आपल्याला तेवढी लागत नाही, कारण आपला करंट जवळजवळ निम्मा. युरोपातली पद्धत आपल्याला जास्त जवळची आहे. तिथंही २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. कॅराव्हॅनला निळा गोल टॉप, १६ अँपिअर, अडीचची तीन कोअर केबल, बहुधा २५ मीटर. हा निळा गोल टॉप आपल्याकडं नवा नाही. वाळूजच्या कारखान्यांत, मोठ्या मंडपवाल्यांकडं तो कित्येक वर्षं आहे. जाड पिना, आत घुसला की हलत नाही, सॉकेटला स्प्रिंगचं झाकण, शिंतोड्यांची भीती कमी. घरातल्या थ्री पिनपेक्षा उघड्यावर तो शंभर पटीनं बरा.

पिनांचा आकार बदलणारे अडॅप्टर मिळतात, मोठा टॉप लहान सॉकेटमध्ये बसवून देणारे. त्याने टॉप बसतो. सॉकेट सहा अँपिअरचं होतं ते सहाचंच राहतं. आणि दोन्ही टोकांना टॉप असलेली वायर, जी जनरेटरची लाईट घरात उलटी सोडायला गावोगाव वापरतात, ती दिसली तर कापून टाका. एक टोक भिंतीत असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्यावर जिवंत असतात.

घेताना काय बघायचं? केबलच्या आवरणावर आयएसआयचा शिक्का, आयएस ६९४ आणि साईज छापलेली असते, ती वाचा. दुकानदाराच्या समोर टोकाचा एक तंतू ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. आणि बंडल वजन करून घ्या. अडीचची तीन कोअर २५ मीटर केबल खरी असेल तर तिच्यात नुसतं तांबंच पावणेदोन किलोच्या जवळपास भरतं, वरचं आवरण वेगळं. अख्खं बंडलच दीड किलोचं भरलं तर बाकी काही तपासायची गरज नाही, परत करा. छापलेल्या अक्षरांपेक्षा माझा तराजूवर जास्त विश्वास आहे. उन्हात आणि टायरखाली जायची शक्यता असेल तर रबरी आवरणाची केबल महाग पडली तरी घ्यावी, साधं पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकतं.

जोडायचा क्रम घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. आधी गाडीतला मेन बंद, मग केबल गाडीला, मग भिंतीत, शेवटी बटन. काढताना बरोबर उलट: आधी बटन बंद, मग भिंतीतलं, शेवटी गाडीतलं. अर्ध्या तासानं टॉपला हात लावून बघायचा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर लोड उतरवायचा.

गाड्या बांधून देणाऱ्यांनाही एक सांगायचंय. खिडकीच्या फटीतून वायर घ्यायला लावू नका. पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला झाकणाचं इनलेट द्या, त्याच्या लगेच आत आरसीसीबी आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी द्या. दोन्ही तोडणारा यासाठी, की कुठल्या ढाब्यावर फेज-न्यूट्रल उलटे लावलेले असतील ते सांगता येत नाही, आणि मी उलटे पुष्कळ पाहिलेत. गाडीचा पत्रा, चासी आणि अर्थिंग जाड हिरव्या वायरीनं एकमेकांना बांधा.

आणि आता आमचे लॉज-ढाबेवाले. वेरूळ, फर्दापूर, म्हैसमाळ, पैठण, तुळजापूर, माहूर, जिथं जिथं या गाड्या मुक्कामाला थांबतात तिथं पार्किंगच्या खांबावर एक पेटी असावी: निळं १६ अँपिअरचं सॉकेट, १६ चा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मेनपासून चारची वायर, आणि पेटीजवळच अर्थिंगचा वेगळा खड्डा. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या बोर्डावरून गाडीला लाईट देणं बंद झालं पाहिजे. पर्यटन खात्यानं ज्या जागांना कॅराव्हॅनसाठी परवानगी द्यायची, तिथं ही पेटी बसवून तिची तपासणी झाल्याशिवाय देऊ नये.

मालक मंडळी मला म्हणतात, महिन्यातून एखाद-दुसरी गाडी येते, तिच्यासाठी एवढा खर्च कोण करणार? त्यांना माझं उत्तर असं, की ही पेटी फक्त कॅराव्हॅनच्या कामाची नाही. तुमच्या लॉनवर लग्न लागतं तेव्हा मंडपवाला तिथूनच लाईट घेईल. आषाढीला दिंडीचा टेम्पो मुक्कामाला थांबतो, त्यातही आता मोटर, माईक आणि पन्नास मोबाईल असतात. तोही तिथूनच घेईल. आज ही सगळी मंडळी खिडकीतून हात घालून मिळेल तिथून वायर ओढतात. पुढच्या श्रावणात घृष्णेश्वराला आणि भद्रा मारुतीला गर्दी होईल, पाऊस असेल, जमीन ओली असेल. त्याच्या आत निदान आमच्या रस्त्यावरच्या मालकांनी आपापली अर्थिंग तपासून घ्यावी. वायरमन कुणीही बोलवा, परवाना असलेला बोलवा.

आपण हे पत्र पर्यटन पुरवणीतच छापलंत तर ज्यांनी वाचायला हवं त्यांच्यापर्यंत पोहोचेल. ज्यांच्या ढाब्यांबद्दल लिहिलं ते सगळे ओळखीचे आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपला नम्र,
एक परवानाधारक वायरमन,
वेरूळ, जि. छत्रपती संभाजीनगर